लव्हबर्ड : एकटेपणा न सोसणारा पाहुणा

म्हैसूरला गेलात, तर राजवाड्याबरोबर ऊटी रस्त्यावरील अवधूत दत्त पीठाचे ‘शुकवन’ही जरूर पाहा. एकाच पक्षिगृहात ४६८ जातींचे पक्षी असल्याबद्दल २०१७ मध्ये त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अशा ठिकाणी थोराड मकावपुढे चिमुकल्या लव्हबर्डकडे लक्ष जात नाही. पण घरोघरी पाळला जाणारा पक्षी म्हणून त्याची ओळख असायलाच हवी.

आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून पुष्कळदा पट्टेदार पाठीचे, लांब शेपटीचे बजरीगर विकले जातात. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. त्याच्या नऊ जातींपैकी आठ आफ्रिका खंडात आणि एक मादागास्करमध्ये आढळते. लांबी जेमतेम १३ ते १७ सेंटिमीटर, अंग गुटगुटीत, शेपूट आखूड आणि चोच बाकदार. गुलाबी चेहऱ्याच्या जातीत नर कोणता, मादी कोणती, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

हे पक्षी थव्याने राहतात, पण जोडी सहसा आयुष्यभराची. दोघे एकमेकांना खेटून बसतात, एकमेकांची पिसे साफ करतात. घरटे बांधण्याची तऱ्हाही गमतीची! गुलाबी चेहऱ्याची मादी सालीच्या पट्ट्या कातरून पाठीमागच्या पिसांत खोचून नेते. फिशर जातीची मादी त्या चोचीत धरून नेते. विल्यम डिल्गर या अमेरिकी शास्त्रज्ञाने या दोहोंचा संकर केला. ती पिल्ले मोठी झाल्यावर पट्ट्या खोचायला जात, पण त्यांना ते जमेना! चोचीत धरून नेणे त्यांना हळूहळू जमले.

‘एक मेला की दुसराही विरहाने मरतो,’ ही मात्र समजूतच. मागे राहिलेला पक्षी नवा जोडीदार स्वीकारू शकतो. पण एकट्याला दिवसभर पिंजऱ्यात ठेवले, तर तो कर्कश ओरडतो, कधी स्वतःचीच पिसे उपटतो.

तेव्हा मुलांच्या हट्टापायी एकच पक्षी आणू नका. तो दहा-पंधरा वर्षे जगतो, याचाही विचार करा. पिंजरा स्वयंपाकघरात नको. जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ त्याचा जीव घेऊ शकते. आणि कंटाळा आला म्हणून त्याला उडवून देऊ नका. पिंजऱ्यात जन्मलेल्या या पाहुण्याला आपले आकाश परकेच असते.