मणिबेलीच्या नावाने

सातपुड्यातल्या पाड्यांवर दिवाळी पंचांगातल्या तिथीलाच येते असे नाही. गाव बसते, बोलते आणि आपला दिवस ठरवते. गावाने मिळून ठरवण्याच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या या रीतीची आठवण झाली ती यंदाच्या दिवाळी अंकाच्या विषयामुळे. विषय आहे सार्वजनिक निवेदन. सरकारचा एखादा मोठा निर्णय लोकांच्या मुळावर येतो, तेव्हा सह्यांच्या कागदाने काय होते? त्याचे उत्तर आम्हाला अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदाकाठच्या मणिबेलीत सापडते.

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावे आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांतले पहिले. १९८५ साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हा इथल्या आदिवासींना कोणी विचारले नव्हते. कित्येकांची शेते पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, पण सरकारी दप्तरात ती अतिक्रमणे. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याच्या अर्जाला कचेरीत किती किंमत मिळते, हे खेड्यातल्या वाचकाला सांगायला नको. नर्मदा बचाव आंदोलनाने म्हणूनच अर्ज मुंबई-दिल्लीपुरते ठेवले नाहीत. पैसा जिथून येत होता तिथेच जाब विचारला. अखेर १९९१ मध्ये बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. समिती खोऱ्यात फिरली, लोकांचे ऐकले आणि जून १९९२ मध्ये बँकेने मागे सरावे असे सुचवले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज सोडून दिले.

१९९४ साली बँकेला पन्नास वर्षे होत होती. त्या वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी तिच्यापुढे मागणी ठेवली : मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा, आजवर पैसा दिलेल्या धरणांची स्वतंत्र तपासणी करा, विस्थापितांची भरपाई करा. त्या निवेदनाचे नाव मणिबेली जाहीरनामा. सही करणाऱ्या बहुतेकांनी हे गाव पाहिलेही नसेल. कागदाला वजन आले ते पाणी चढले तरी, पोलीस आले तरी घर न सोडणाऱ्या माणसांमुळे.

धरण थांबले नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली. न्यायमूर्ती भरूचा यांचे मत वेगळे होते. २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. एवढ्यावर हिशेब मिटवणाऱ्यांशी आमचा वाद आहे. याच संघर्षाच्या रेट्याने सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापले. तिच्या पैशातल्या प्रकल्पाने नुकसान झालेली कुठलीही दोन माणसे आज तिथे तक्रार करू शकतात. १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग आला आणि मेधा पाटकर त्याच्या सदस्य झाल्या. नंदुरबार हा वेगळा जिल्हा होण्याआधीच त्यातल्या एका गावाचे नाव जगभरच्या धरणग्रस्तांच्या कागदावर लागले होते.

आज बोटाने पडदा दाबला की सही होते. सोय चांगली आहे, तिला नाके मुरडू नयेत. पण निवेदन लिहिणाऱ्याने नदीपलीकडच्या जलसिंधीचे बावा महाऱ्या यांनी १९९४ साली मुख्यमंत्री दिग्विजयसिंग यांना पाठवलेले पत्र जरूर वाचावे. नदी, जंगल आणि शेत आपल्याला काय काय देतात, हे त्यांनी त्यात एकेक करून सांगितले आहे. 'जनतेच्या तीव्र भावना' असल्या मोघम शब्दांना फेटाळणे सोपे असते. अशा तपशिलाला उत्तर द्यावे लागते.

तळोदे, शहादे, धडगाव, अक्कलकुवा इथल्या वाचकांना आमची विनंती आहे. पुनर्वसनासाठी, वनहक्कासाठी, रस्त्यासाठी, दवाखान्यासाठी गावाने दिलेली जुनी निवेदने घरात असतील तर त्यांच्या प्रती आम्हाला पाठवा, आणि त्यांचे पुढे काय झाले तेही लिहून कळवा. पुढच्या दिवाळी अंकाची निम्मी पाने त्यांच्यासाठी राखून ठेवत आहोत.