मोजायचे, पण धरायचे नाही

फ्रान्समध्ये मतदान केंद्रात शिरले की टेबलावर उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे दिसतात. हवी ती चिठ्ठी पडद्याआड पाकिटात घालायची आणि पाकीट पारदर्शक पेटीत टाकायचे. लगेच केंद्रावरचा माणूस मोठ्याने पुकारतो, मत दिले! त्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मात्र नसतो. सगळेच उमेदवार नकोसे झालेल्याने कोरा कागद घरून आणावा, नाहीतर पाकीट रिकामेच टाकावे. आपल्या यंत्रावर ‘नोटा’चे बटण तरी असते. रिकाम्या पाकिटालाही पुकारा तोच होतो. टक्केवारीत मात्र त्याला जागा नाही.

२०१४ च्या कायद्याने कोरी मते बाद मतांपासून वेगळी मोजली जाऊ लागली. ती जाहीर होतात, पण वैध धरली जात नाहीत. अडचण कुठे आहे, हे २०१२ चा निकाल पाहिला की कळते. फ्रान्स्वा ओलांद ५१.६ टक्क्यांनी अध्यक्ष झाले. त्या दिवशी कोरी आणि बाद मिळून २१ लाखांवर मते पडली होती. ती हिशेबात घेतली तर ओलांद ४८.६ टक्क्यांवर येतात. अध्यक्षाला तर वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक लागतात. २०१४ चा कायदा ओलांद यांच्याच कारकिर्दीतला. नाराजी नोंदवावी, पण तिने निकालाला हात लावू नये, एवढी खबरदारी त्यात घेतलेली आहे.

२०१७ मध्ये ओलांद पुन्हा उभेच राहिले नाहीत. त्यांच्या समाजवादी पक्षाला पहिल्या फेरीत ६.४ टक्के मते मिळाली. प्रस्थापितांबाहेरचा म्हणून निवडून आले ते इमॅन्युएल मॅक्रॉन. ओलांद यांच्याच मंत्रिमंडळातले अर्थमंत्री, त्याआधी रॉथशिल्ड बँकेत. इतका आतला बाहेरचा माणूसही मतदारांनी चालवून घेतला! तरी अखेरच्या फेरीत ४० लाख मते कोरी किंवा बाद निघाली. मॅक्रॉन यांच्या नावापुढे लागले ते ६६ टक्के.

पुढे मॅक्रॉन सरकारविरुद्ध पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले. कोरे मत धरा, ही त्यांची एक मागणी. मॅक्रॉन यांनी एप्रिल २०१९ मध्ये ती नाकारली. कोऱ्या मताने देशाचे प्रश्न सुटत नाहीत, असा त्यांचा सूर होता. खरे आहे. पण समोरच्या दोन नावांनी ते सुटतील असे ज्यांना वाटत नाही, त्यांनी काय करायचे?

२०२२ च्या अखेरच्या फेरीत नुसती कोरी मते २०१७ च्या ३० लाखांवरून २२ लाखांवर आली. दोन्ही वेळी मॅक्रॉन यांच्यासमोर असलेल्या अतिउजव्या मरीन ल पेन यांची मते १ कोटी ६ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर गेली. तीच माणसे तिकडे वळली, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. घरी बसणारेही वाढले होते. पण ल पेन यांच्या नावाची चिठ्ठी टेबलावर ठेवलेली असते, आणि ती टक्केवारीतही धरली जाते.