पसरणी घाट आणि झुलणारी जुनी गाडी

घाटात गाडी लागणारं माणूस बहुतेक घरांत एखादं तरी असतंच. आमच्याकडे सासूबाईंना लागते. पाचगणीहून वाईला दवाखान्यात जायचं म्हटलं की त्या आदल्या रात्रीच जेवण कमी करतात आणि पिशवीत आवळासुपारी टाकून ठेवतात. सगळे म्हणतात, घाटच तसा आहे, त्याला काय करणार. मला हे पटत नाही. घाट बदलता येत नाही, हे खरं. पण घाटात गाडी किती झुलते हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तर ते फारच हातात असतं.

वाई ते पाचगणी अंतर जेमतेम 12-13 किलोमीटर आणि तेवढ्यात सुमारे साडेपाचशे मीटरचा चढ. शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव मागे पडलं की वळणं सुरू होतात. एका वळणातून गाडी सावरते न सावरते तोच उलट्या बाजूचं वळण येतं. माणसाला सर्वांत जास्त मळमळतं ते चार-पाच सेकंदांना एक अशा संथ हेलकाव्यानं. समुद्रावर बोट लागण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे केव्हाच दाखवून दिलं आहे. सैल झालेली जुनी गाडी घाट उतरताना काहीशी तशीच झुलत राहते.

आमची गाडी 2004 ची मारुती 800. मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे गाडीखाली वाकून बघायचा मला कंटाळा नाही. गाडी डोलायला लागली तेव्हा दोन सल्ले सगळीकडून आले. वडीलधाऱ्यांचा सल्ला होता, गाडी म्हातारी झाली, विकून टाका. तरुण मुलांचा होता, स्प्रिंगा कापा, गाडी खाली बसवा, रुंद टायर टाका, मग बघा कशी चिकटून पळते. मला दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात. पहिल्यानं चांगली चालती गाडी मोडीत जाते आणि दुसऱ्यानं जीव धोक्यात येतो.

वळणात गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला रेटलं जातं, बाहेरची स्प्रिंग दबते, आतली मोकळी होते आणि गाडी कलते. ती किती कलेल हे स्प्रिंगा आणि पुढच्या चाकांना जोडणारी आडवी पोलादी दांडी, म्हणजे स्टॅबिलायझर, ठरवतात. एक चाक वर आणि दुसरं खाली जाऊ लागलं की ही दांडी पिळली जाते आणि कलण्याला विरोध करते. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर ती गप्प असते. शॉकअपचं काम वेगळं. गाडी शेवटी किती कलेल ते शॉकअप ठरवत नाहीत, किती झपाट्यानं कलेल आणि कलून पुन्हा किती वेळा डुचमळेल ते ठरवतात. आमच्या घाटात वळणामागून वळण येत असल्यामुळे हे डुचमळणंच जास्त जाणवतं.

मारुती 800 ची एक गोष्ट मला फार आवडते. तिच्यात ही स्टॅबिलायझरची दांडी दोन कामं करते. तिची टोकं चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्ममध्ये रबरी बुशमधून शिरतात, त्यामुळे ती गाडीचं कलणंही रोखते आणि चाकाला पुढेमागे सरकू न देता जागेवर धरूनही ठेवते. स्वस्त, हलक्या गाडीसाठी केलेली ही फार हुशार मांडणी आहे. पण याचाच अर्थ असा की ते अंगठ्याएवढं रबर झिजलं की दोन्ही कामं एकदम बिघडतात. उतारावर ब्रेक दाबत वळण घेतलं की गाडी जास्त कलते, शिवाय चाक किंचित मागे सरकतं आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागतं. घाटातल्या दत्त मंदिराच्या आसपास, समोरून एसटी येत असताना, हे ओढणं नको वाटतं.

वाईच्या आमच्या मेस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, खालच्या आर्मच्या फटीत लीव्हर घातला आणि म्हणाले, "मॅडम, हे बघा." लीव्हर जरासा दाबला तर आर्म अर्धं बोट सरकला. बुशच्या कडेला भेगा होत्या आणि आतलं रबर पावडर होऊन बोटाला लागत होतं. पोलाद सगळं शाबूत होतं, जुनं झालं होतं ते रबर. गाडी किती चालली यापेक्षा किती वर्षं उन्हात, चिखलात आणि ऑइलच्या शिंतोड्यांत उभी राहिली यावर रबराचं आयुष्य ठरतं. म्हणून कमी किलोमीटर चाललेली गाडीही आतून सैल असू शकते.

बुश बसवताना मेस्त्रींनी केलेली एक गोष्ट सगळ्या गॅरेजांत व्हायला हवी. आर्मचे नट त्यांनी लिफ्टवर हातानं लावून ठेवले. मग गाडी खाली घेतली, चारही चाकांवर वजन येऊ दिलं आणि त्यानंतरच नट पक्के आवळले. आर्म लोंबकळत असताना नट आवळले तर गाडी खाली येताच बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दहा मिनिटांचं जास्तीचं काम आहे, पण घाईच्या गॅरेजात तेच गळतं.

बुशनंतर शॉकअप आणि मग टायर. बंपरवर जोर देऊन सोडलं की गाडीनं एकदा वर येऊन शांत व्हावं, डुलत राहिली तर शॉकअप संपले. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात, 1419 म्हणजे 2019 सालचा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुना टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. कमी हवेचा टायर वळणात कडेवर दुमडतो, तेव्हा घाट उतरण्याआधी हवा बघायची सवय हवीच.

आता स्प्रिंगा कापण्याविषयी. कापलेली स्प्रिंग कडक होते, इथवर मुलांचं बरोबर आहे. पण चाकाला वरखाली व्हायला जागा उरत नाही. वळणात खड्डा आला की सस्पेन्शन थेट टेकतं आणि त्या क्षणी टायर घसरतो. पुढे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब, असलेल्या गाडीत तर आणखी एक अडचण आहे. गाडी खाली बसवली की ज्या बिंदूभोवती ती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो, म्हणजे कलवणारा रेटा कमी होण्याऐवजी वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. गाडी उंच करायला स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर ठोकतात, तेही मला तितकंच नापसंत आहे.

जाड स्टॅबिलायझर टाकणारेही आहेत. दांडीचा कडकपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणजे 18 मिलिमीटरच्या जागी 20 मिलिमीटरची घातली तर तो दीडपट होतो. नुसता पुढचा भाग इतका कडक केला की पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या वळणात सरळ बाहेर जाऊ पाहते. झिजलेल्या बुशवर जाड दांडी घालण्यात तर काहीच अर्थ नाही.

गाडी कलते म्हणजे ती धोक्याचीच, असंही नाही. फ्रान्सची 1948 ची सिट्रोएन टूसीव्ही वळणात बघवणार नाही इतकी कलायची, पण चाकं रस्ता सोडत नसत. उलट 1997 मध्ये मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास स्वीडनमध्ये, अचानक आडवं आलेलं जनावर चुकवण्याच्या चाचणीत, उलटली आणि कंपनीला सस्पेन्शन बदलावं लागलं. गाडीचं वय आणि गाडीचा तोल या वेगळ्या गोष्टी आहेत.

वजन कुठे आहे याकडेही बघायला हवं. स्ट्रॉबेरीच्या हंगामात टपावर क्रेट बांधलेल्या गाड्या आणि माणसांसकट टप भरलेली वडापची जीप आपण रोज बघतो. टपावरचं ओझं डिकीत आणलं की एक पैसा खर्च न करता गाडी कमी कलते.

15 वर्षांवरच्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5000 रुपये झालं. ते भरायला माझी ना नाही. पण जुन्या गाड्यांवरची सगळी चर्चा धूर आणि वय यांभोवतीच फिरते. घाटाच्या तालुक्यांत तरी तपासणीच्या वेळी प्रत्येक जुनी गाडी उचलून, चाक हातानं हलवून, बुश आणि बॉल जॉइंट बघितले गेलेच पाहिजेत, आणि दोष निघाला तर मालकाला तो लेखी मिळाला पाहिजे. आमच्या गाडीचे पुढचे बुश आणि चारही शॉकअप बदलायला एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी खर्च आला. सासूबाई आता मागच्या सीटवर बसून वाईपर्यंत गप्पा मारत येतात. मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश अजून जुनेच आहेत. जूनमध्ये धुकं उतरायच्या आत तेही बदलून घेणार आहे आणि नट गाडी खाली घेतल्यावरच आवळायचे, हे मेस्त्रींना मला सांगावं लागणार नाही.