पाचवीत गेल्यावर झोप कमी लागते काय?

तुमच्या हृदयाची डावी बाजू एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. रोहिण्यांतील सरासरी दाब १०० मिलिमीटर पारा धरा. दाब गुणिले आकारमान म्हणजे कार्य. हे गणित करून पाहा. एका ठोक्याचे कार्य जवळजवळ एक ज्यूल भरते. मिनिटाला ७० ठोके धरले तर हा एक वॅटहून किंचित अधिक शक्तीचा पंप झाला. पंप लहान खरा, पण त्याला जन्मभर सुटी नाही.

सुटी नसली तरी सवलत आहे, आणि ती झोपेत मिळते. गाढ झोपेत ठोके मंदावतात. रात्रीचा रक्तदाब दिवसाच्या मानाने साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. चेतासंस्थेचा जो भाग दिवसभर हृदयाला हाकत असतो, तो या वेळी शांत होतो. झोप तोडली की रोहिण्यांच्या भिंतींना मिळणारा हा विसावा तोकडा पडतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागलात म्हणून घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न वर्षानुवर्षांच्या सवयीचा आहे. सतत कमी झोपणाऱ्यांत उच्च रक्तदाब व हृदयविकार अधिक आढळतात. कमी झोप आणि चढा रक्तदाब यांचा संबंध कुमारवयातही दिसून आला आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयाच्या आरोग्याच्या सात गोष्टींत २०२२ साली आठवी घातली, ती झोपेची.

आता आपल्याकडे पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने आदेश दिला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. आदेश स्तुत्य आहे. पण चौथीपर्यंतच का? आमच्या जरीपटक्यात सकाळी साडेसहाला रिक्षात डुलक्या घेणारी मुले आठवी-नववीतली असतात. तेरा ते अठरा या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि याच वयात शरीरातील घड्याळ पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते. मुलगा अकराला झोपतो तो नेहमी आळशी किंवा मोबाइलवेडा म्हणून नव्हे. (मोबाइल त्यात भर घालतो, हेही खरेच.) साडेपाचला उठवले की हाती उरतात साडेसहा तास. त्यातून आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे. नागपूर ७९ अंशांवर, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या १४ मिनिटे मागे; मुंबईचा तर ३९ मिनिटे!

मुख्याध्यापक म्हणतील, इमारत एक आणि पाळ्या दोन. अडचण खरी आहे. पण मग सकाळची पाळी लहानांना द्यावी की मोठ्यांना, हा निर्णय सोयीने न घेता वयाप्रमाणे घ्यावा, आणि शक्य तेथे दोन्ही पाळ्या थोड्या पुढे सरकवाव्यात. विदर्भाचा उन्हाळा मात्र मला मान्य आहे. पारा ४५ अंशांवर गेला असता दुपारी शाळा भरवा असे कोणी म्हणणार नाही. तेवढे दोन महिने सकाळची शाळा राहू द्या आणि घरातले दिवे लवकर मालवा. जुलै ते फेब्रुवारी ही सबब चालणार नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विचारतो. शाळा नऊला भरू लागली आणि तुमचा शिकवणीवर्ग सहालाच राहिला, तर मुलांनी उठायचे किती वाजता?