मटण सोडलं, रस्सा नाही

गावच्या जत्रेत पंगतीला बसले की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सोडलंयस तर पुरतं सोड की! त्या सोयाबीनच्या वड्यांना मटणाचा मसाला कशाला पायजे?" विचारणारे घरचेच, मटण खाणारे. पुण्यातल्या माझ्या जन्मापासून शाकाहारी मैत्रिणी हेच जरा मऊ भाषेत विचारतात. मांसाची आठवण सुटत नसेल, तर तो त्याग कसला? एरवी एका ताटाला न बसणारी ही माणसं या एका आक्षेपावर मात्र एकमताची आहेत.

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे मांस सोडलं की त्याची चवही सोडायची असते. मी चव सोडलेली नाही. कोल्हापूरकडच्या घरात वाढले. जत्रेच्या आधी बकरं चार दिवस दारात बांधलेलं असायचं, त्याला पाला घालायचं काम माझं. एका वर्षी मला ताटातलं गिळवेना. नकोसं झालं ते जीव मारणं. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा-लसूण मसाला, वर आलेला लाल तवंग, यांतलं काहीच नकोसं झालं नाही. ज्या वाटणावर आजीचा हात बसला, आईचा बसला, ते वाटण मी बकऱ्याबरोबर का टाकून द्यावं?

याला नक्कल म्हणतात, ढोंग म्हणतात. ढोंग म्हणजे एक दाखवून दुसरं करणं. मी वडीला वडीच म्हणते. आणि नक्कल म्हणाल, तर बंगालीत कच्च्या फणसाला 'गाछपाठा' म्हणतात, म्हणजे झाडावरचं बोकड. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात निरफणसाचे, सुरणाचे काप रवा लावून तळतात ते मासळी तळावी तसेच. विदर्भात पाटवडीचा रस्सा मटणाच्या रश्श्याइतकाच झणझणीत करतात. यांना कुणी खोटं अन्न म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. श्रावणात मांसाहारी घरांनीच असे पदार्थ चवीनं रांधले आणि जिभेवर वाढवले.

दुसरी तक्रार चवीची : "कितीही करा, सोयाबीनचा वास येतोच." येतो, कारण वडी नीट केलेली नसते. तेल काढून उरलेलं सोयापीठ उष्णतेत आणि दाबाखाली यंत्रातून ढकललं की बाहेर पडताना ते फुगतं, आत धागे धरतात, ती ही वडी. तिला कोमट पाण्यात बुडवून तशीच रश्श्यात टाकली तर ती स्पंजासारखी वासच देणार. आमच्या घरी मिठाच्या कढत पाण्यात भिजवतो आणि दोन्ही तळव्यांत दाबून पिळतो. ते पाणी फेकतो. परत कढत पाणी, परत पिळणं. दुसऱ्या पिळण्यात पाणी जवळजवळ नितळ येतं, तेव्हा वास गेला समजायचं. मग हळद, आलं-लसूण आणि थोडं आंबट दही चोळून अर्धा तास. मग तेलात कडा तांबूस होईपर्यंत परतायची, आणि त्यानंतरच वाटणात घालून मंद आचेवर वीस मिनिटं. एक मात्र कबूल करते. मटणाच्या अळणी पाण्यानं रश्श्याला जो दाटपणा येतो, तो इथे नाही. तो खसखस आणि तीळ जास्त घालून आणावा लागतो, तरी पुरता येत नाही. नळीही नाही, आणि नळीची मला आजही आठवण येते. पण वडी चांगली की वाईट हे वडी म्हणून ठरवा.

तिसरा आक्षेप "हे सगळं केमिकल" असा. यात अर्धं खरं आहे. गोठवलेल्या पाकिटातल्या वनस्पतिजन्य मांसाच्या पॅटीत वेगळं काढलेलं प्रथिन असतं, खोबरेल असतं, मिथाइल सेल्युलोज असतं, मीठही बरंच असतं. लेबल वाचून घ्यावं, रोज खाऊ नये. पण ज्यावरून सर्वांत जास्त भीती घातली जाते, तो अमेरिकेतल्या अशाच इम्पॉसिबल बर्गरचा 'रक्तासारखा' लाल रंग कुठून आला ते पाहा. सोयाबीनचं ४०-४५ दिवसांचं झाड मुळासकट उपटा. मुळांना बारीक गाठी असतात. त्यातली एक नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं की शेतकरी समजतो, गाठी नत्र धरू लागल्या. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा जवळचा नातेवाईक. कंपनी तो मुळांतून काढत नाही. सोयाबीनचं जनुक यीस्टमध्ये घालून तयार करते. हे कुणाला पटणार नाही, तो त्याचा हक्क. पण लातूरच्या शिवारात पायाखाली असलेल्या गोष्टीला विष म्हणू नका.

आता माझ्याच बाजूच्या एका दाव्याचं खंडन मला करायचं आहे. वनस्पतिजन्य मांसानं पृथ्वी वाचेल, हे गणित मुख्यतः गोमांसाशी तुलना करून मांडलेलं असतं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. इथल्या ताटात कोंबडी, बकरं, मासळी आहे. माळावरचा पाला खाऊन वाढणाऱ्या आणि एखाद्या विधवेचा संसार चालवणाऱ्या शेळीला अमेरिकेतल्या गोठ्याचा हिशेब लावणं अन्याय आहे. आपल्या गणितात कोंबडी येते. ब्रॉयलरच्या खाद्यात मका आणि सोयापेंड. जिवंत कोंबडीचं एक किलो वजन वाढायला साधारण दीड ते दोन किलो खाद्य लागतं, आणि त्या किलोतलं सगळंच खाता येत नाही. त्याच सोयाबीनची वडी झाली, तर १०० ग्रॅम कोरड्या वडीत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं थेट माणसाला मिळतात. बी-१२ मात्र वडीत नाही. मी त्याची गोळी घेते.

मूळचे लातूरकडचे अभिनेते रितेश देशमुख आणि त्यांच्या पत्नी जेनेलिया यांनी २०२१ मध्ये वनस्पतिजन्य मांसाची 'इमॅजिन मीट्स' ही कंपनी सुरू केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मांस आवडणाऱ्या माणसांनी मांस आवडणाऱ्यांसाठी काही करणं मला योग्य वाटतं. पण गोठवलेल्या पाकिटांच्या दुनियेत सोयाबीन पिकवणारा दिसत नाही. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मराठवाड्यातल्या कित्येकांनी त्याच्या खालीच माल घातला.

आणि एक गोष्ट मला फार टोचते. मी वडी खाते म्हटल्यावर काही लोक मला 'आपल्यातली' धरू लागतात. अशाच लोकांच्या सोसायटीत मटण खाणाऱ्याला घर भाड्यानं मिळत नाही. माझ्या आईच्या पातेल्याला विटाळ मानणाऱ्यांच्या बाजूनं मी मटण सोडलेलं नाही. जत्रेत आई दोन पातेली चढवते, वाटण एकाच पाट्यावरचं. मी त्याच पंगतीत बसते, आत्याच्या ताटात मटण, माझ्यात वडी, आणि भाकरी एकाच टोपलीतली.