जिवाणी कोणत्या पाण्यात सोडायची?

पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव असतात, हा आकडा पाठशाळेच्या पुस्तकांतून आणि प्रवचनांतून आपण सर्वांनी ऐकला आहे. पण तो थेंब कोणत्या नदीचा आणि कोणत्या महिन्यातला, हे कोणी सांगत नाही. शिवाय अप्काय जीव, म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर, ते सूक्ष्मदर्शकाने मोजण्याचा विषयच नव्हे. काचेखाली दिसतात ते पाण्यात वावरणारे त्रस जीव आणि शेवाळाचे सूक्ष्म कण. शास्त्रज्ञ त्यांना प्लवक म्हणतात.

आपल्या पंचगंगेचेच पाहू. प्रयाग चिखलीला उगम पावणारी आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिळणारी ही नदी वर्षभर एक नसते. श्रावणात ती गढूळ आणि वेगवान असते. प्रकाश आत शिरत नाही, प्रवाहात प्लवकांना स्थिरावता येत नाही, त्यांची संख्या घटते. पावसाळा सरला की पाणी निवळते, बंधाऱ्यांत बरगे बसतात आणि सिलिकेच्या कवचातले डायटम, पाणपिसवा, सायक्लॉप्स यांना बरे दिवस येतात.

चैत्र-वैशाखात मात्र चित्र पालटते. प्रवाह क्षीण होतो, बंधाऱ्यांमागे पाणी तुंबते आणि त्यात शहरांचे मैलापाणी व इचलकरंजीच्या कापडप्रक्रियेचे पाणी साचते. सुताला चढवलेली खळ धुऊन निघते, तेव्हा ती कुजताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. वीस अंशांच्या शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच तुटवडा. रंगामुळे प्रकाश अडतो तो वेगळाच. नाजूक जाती नाहीशा होतात, उरतात ऑसिलॅटोरिया, युग्लीना यांसारख्या घाणीत तगणाऱ्या. सेंद्रिय प्रदूषण ओळखण्यासाठी पामर यांनी १९६९ मध्ये शैवालांची जी गुणसूची केली, तीत या दोघांना सर्वाधिक गुण आहेत. अशा पाण्यात जीवांची संख्या कधीकधी वाढलेलीही आढळते, पण प्रकार कमी होतात. केवळ आकड्यावर विसंबणाऱ्याला ही नदी भरभराटीची वाटेल!

हेच शैवाल दिवसा प्राणवायू देते आणि रात्री स्वतःच घेते. त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत.

पाणी गाळण्याच्या आपल्या आचाराला विज्ञानाचीही साक्ष आहे. बांगलादेशात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळायला शिकवले. प्लवकांना चिकटलेले पटकीचे जंतू त्यात अडकले आणि रोगाचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. २००३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. विरघळलेला रंग आणि क्षार मात्र कोणत्याही गाळण्याने अडत नाहीत.

आपला आचार तर गाळण्यावर थांबत नाही. गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या जलाशयाचे पाणी, त्याच जलाशयात हळुवार सोडावी, असा दंडक आहे. कारण दुसऱ्या पाण्यात तो जीव जगेलच असे नाही. वैशाखात इचलकरंजीच्या खाली ती कोठे सोडणार? तेथले पाणी त्याच जलाशयाचे म्हणायचे तरी कसे?

पंधरा कर्मादानांत जलाशय सुकवण्याचा धंदा श्रावकाला वर्ज्य सांगितला आहे. सुकवणे आणि नासवणे यांत जलचरांच्या दृष्टीने फरक तो काय? हा प्रश्न आपल्यातल्या सायझिंग आणि प्रोसेसवाल्यांना अप्रिय वाटेल, पण घरात पाण्याचा थेंब गाळणारे हात कारखान्यात टँकच्या टँक नाल्यात सोडत असतील, तर तो विचारायलाच हवा. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची वर्गणी भरली म्हणजे हिशेब मिटला, असे मला वाटत नाही. आपले पाणी तेथवर पोचते का, आणि पोचल्यावर खरोखर शुद्ध होते का, हे मालकाने स्वतः पाहावे.

पाठशाळेच्या मुलांसाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. मोठ्यांच्या सोबतीने एकाच घाटावरचे बाटलीभर पाणी पौषात एकदा आणि वैशाखात एकदा आणावे, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, दिसलेल्या जीवांची चित्रे वहीत काढावीत. पाहून झाले की ते पाणी लगेच, जेथून आणले तेथेच सोडावे.