पीक विकावे, शेत विकू नये

स्वतः गीत रचावे, स्वतःच त्यास चाल लावावी आणि स्वतःच्याच कंठाने ते गावे, ही गोष्ट शहरातील संगीतव्यवहारास आज नवलाची वाटत असली, तरी हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावास तिचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. कारण खंजिरीच्या ठेक्यावर स्वरचित भजने गाऊन विदर्भातील खेडी जागी करणारे आणि १९३६ साली याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामी, महात्मा गांधींच्या सहवासात राहिलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे या परंपरेचे मुकुटमणी होत. त्यांच्या भजनाच्या अखेरच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा येते. संतकवींपासून चालत आलेल्या या रीतीमुळे गीत कोणाचे, हे सांगण्यास दप्तर लागत नसे आणि मोहोरही लागत नसे. ते ज्या ज्या मुखातून निघे, ते ते मुख कर्त्याची ग्वाही देत असे.

आज अशाच एखाद्या गावातील होतकरू तरुण नागपूरच्या किंवा पुण्याच्या ध्वनिमुद्रणगृहात आपला पहिला गीतसंग्रह सिद्ध करावयास जातो, तेव्हा ही ग्वाही गीतातून निघून करारनाम्यात गेलेली असते, आणि तो करारनामा बहुधा त्याने पुरता वाचलेलाही नसतो. पहिल्या संग्रहाविषयी आपण चाल, वाद्यमेळ, प्रसिद्धी यांची चर्चा उत्साहाने करतो. परंतु गायकाच्या पुढील आयुष्याचा कौल ज्यावर अवलंबून असतो, त्या दस्तऐवजाविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. हे मौन आता सुटले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भावगीताच्या वैभवकाळात शब्द, चाल आणि स्वर यांचे धनी बहुधा निरनिराळे असत. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची कविता गोविंदराव जोशी यांच्या कंठातून तबकडीवर उतरली आणि घरोघरी पोहोचली. सुमारे तीन मिनिटांच्या त्या एका बाजूवर कवीचे आणि गायकाचे श्रम शेजारी शेजारी नांदत होते. पुढे संदीप खरे यांच्यासारख्या कवीने आपली कविता आपल्याच आवाजात लोकांपुढे ठेवली आणि २००३ पासून सलील कुलकर्णी यांच्यासह ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमातून तिला अफाट श्रोतृवर्ग मिळवून दिला, तेव्हा कवी व गायक एकाच देहात नांदू शकतात, याची नागर श्रोत्यांस पुन्हा प्रचीती आली. अशा कलावंताजवळ एक नव्हे, तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि गायनाचा. मुद्रित ध्वनीचा चौथा हक्क, एरवी करार नसेल तर, मुद्रणाची व्यवस्था करणाऱ्या निर्मात्याचा. अडचण अशी की ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ एवढ्या एका ओळीखाली सही झाली, की चारही हक्क एकाच गाठोड्यात बांधले जातात.

कपाशी पिकविणाऱ्या आमच्या मुलखात हे समजावयास अवघड नाही. हंगामाचे पीक बाजार समितीत नेऊन विकणे हा शेतकऱ्याचा व्यवहार आहे. पण त्या व्यवहारात सातबाऱ्यावरचे आपले नाव कमी करून देणारा शेतकरी आपणांस वेडाच वाटेल. ध्वनिमुद्रण हे पीक होय. शब्द आणि चाल ही जमीन होय.

कायद्याने या जमिनीस कुंपण घातलेले आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटाबाहेरील ध्वनिमुद्रणासाठी गीतकाराने वा संगीतकाराने आपला हक्क लिहून दिला, तरी त्या कृतीच्या वापरापोटी मिळणाऱ्या स्वामित्वधनात बरोबरीचा वाटा मागण्याचा त्याचा अधिकार संपत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची समजली जाते. आणि करारकाळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा त्यात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या माध्यमास तो लागू पडत नाही. नोंदणी केली नाही म्हणून कर्त्याचा हक्क बुडत नाही, आणि तो हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. १९६८ साली महानिर्वाण पावलेल्या तुकडोजी महाराजांच्या, हयातीत प्रकाशित झालेल्या रचनांवरील हक्काची मुदत या हिशेबाने २०२८ च्या अखेरीपर्यंत पोहोचते. यावरून एका गीताचे आयुष्य केवढे दीर्घ असते, याची कल्पना यावी.

यावर असे म्हटले जाईल की नवख्या गायकावर पैसा लावणारी कंपनी जोखीम पत्करते, तेव्हा तिने अटी घालू नयेत काय? अवश्य घालाव्यात. ध्वनिमुद्रणावर तिचा ताबा असावा, ठरलेल्या मुदतीत तिने खर्च व नफा वसूल करावा. यात अन्याय काही नाही. परंतु जोखीम एका संग्रहाची आणि मोबदला आयुष्यभराच्या निर्मितीचा, हा हिशेब कोणत्याही न्यायबुद्धीस पटणारा नाही. पहिल्या संधीच्या ओढीने तरुण मन सही करते, म्हणून ती सही न्याय्य ठरत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. करारनामा घरी आणून हिंगणघाटच्या किंवा वर्ध्याच्या एखाद्या जाणत्या वकिलास दाखविल्यावाचून कोणी सही करू नये. मुदत, माध्यम, मोबदला आणि श्रेयनामावली ही चार कलमे स्वच्छ मराठीत लिहून मागावीत. स्वामित्वधनाचा वाटा पदरी पडावा म्हणून १९६९ पासून कार्यरत असलेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे गीतकार व संगीतकार या नात्याने सभासद व्हावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने गावोगावच्या कायदेविषयक शिबिरांत वारसा आणि फेरफार यांच्या जोडीने या विषयासही एक तास द्यावा, आणि भजनी मंडळांनी व गावच्या वाचनालयांनी त्या शिबिरास आपले गाणारे, लिहिणारे तरुण आग्रहाने पाठवावेत. कलावंताचा सत्कार शाल-श्रीफळाने करण्यात आपण कधीच कुचराई केलेली नाही; त्याच्या श्रमाचे फळ त्याच्या पदरी पडेल अशी तजवीज करणे, हा त्याहून मोठा सत्कार आहे, आणि तो पहिल्या सहीच्या आधीच व्हावयास हवा.